शिंपल्यांनी ओकलेलं

आमच्या घरात शिंपले चुलीवर चढण्याआधी एक रात्र मुक्कामाला असत. दिवाळी उलटली आणि पूर्णा नदीचं पाणी उतरायला लागलं, की माय आणि मी गुडघाभर पाण्यात शिरायचो. शिंपले डोळ्यांनी नाही, पायांनी शोधायचे असतात. वाळू आणि गाळ जिथे एकत्र होतात तिथे पाय हळूहळू सरकवत जायचं, अंगठ्याला धारदार काठ लागला की वाकायचं आणि शिंपला उपटून ओच्यात टाकायचा. माझे वडील, म्हणजे आबा, आणि थोरला भाऊ सुदाम जाळं टाकायचे, मासे धरायचे. शिंपले हे बायकांचं काम. आम्ही भोई. नदीचा तळ कुठे मऊ, कुठे खडकाळ आणि कुठे दगा देणारा, हे गावात दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं, आणि कुणी कधी विचारलंही नाही.

घरी आलं की रुंद तोंडाचा काळा डेरा कोपऱ्यातून पुढे यायचा. त्यात गाळून घेतलेलं नदीचं पाणी, त्यात शिंपले, आणि वरून मूठभर ज्वारीचं पीठ. पीठ खाता खाता शिंपले पोटातली रेती ओकतात, असं माय सांगायची. तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही अंथरुणावर पडलो की डेऱ्यातून बारीक आवाज यायचे. चुळुक, टुक, मधेच एखादी थुंकल्यासारखी पिचकारी. सकाळी शिंपले काढून घेतल्यावर तळाशी करडी, मऊ रेती बसलेली असायची. ते पाणी माय रस्त्यावर टाकत नसे, मोरीत ओतत नसे, उकिरड्यावर तर नाहीच नाही. डेरा कमरेवर घेऊन ती नदीवर जायची आणि जिथून शिंपले काढले तिथेच ओतायची. ओतताना म्हणायची, "ज्याचं त्याला." एवढंच. हे तिच्या सासूचं होतं, सासूच्या सासूचंही असेल. मला त्या वजनाचा वैताग यायचा. शाळेची एसटी चुकायची आणि मी चिडून म्हणायचे, "माय, रेतीच तर हाय, टाक की हितंच." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

शिंपल्याचं कालवण आमच्याकडे काळ्या तिखटाचं. शेंगदाण्याचं कूट, लसूण, वरून कोथिंबीर असली तर. माय भाकरी थापायला बसली की घरभर त्या रश्श्याचा वास कोंडायचा आणि आबा जेवायच्या आधीच दोनदा विचारायचे, "झालं का?" पण घरात खायचे ते उरलेले. चांगले, मोठे शिंपले टोपलीत भरून ती पूर्णा जंक्शनच्या बाजारात न्यायची. तिथे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आंध्राच्या समुद्रकाठच्या बऱ्याच बायका होत्या. त्यांना मटणापेक्षा शिंपले प्रिय. आमच्या वाळक्या मुलखात नदीतले शिंपले मिळतात याचं त्यांना फार अप्रूप होतं. त्या मायला "शिंपलेवाली" म्हणायच्या. मायच्या शिंपल्यात दाताखाली कचकच लागत नाही, ही तिची ख्याती होती. दुसऱ्या बायकांकडून घेतलेले शिंपले त्या घरी नेऊन पुन्हा भिजत घालायच्या. मायचे मात्र सरळ कढईत. माझी माय शाळेत गेली नाही, तिच्या नावाचा कुठे कागद नव्हता, शेत नव्हतं. तिच्याकडे होतं ते एवढंच, की तिच्या हातचं न बघता खाता येतं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तीच गेली.

गावाच्या वर, नदीच्या वळणावर, पत्र्याचं एक मोठं शेड उभं राहिलं. लोक त्याला दाण्याचा कारखाना म्हणायचे. भंगारवाल्यांकडून आलेल्या फुटक्या बादल्या, पाइप, खताची पोती, झिजलेल्या चपला तिथे रंगानुसार वेगळ्या करायच्या, मशीनमध्ये घालून त्यांचा चुरा करायचा, चुरा टाक्यात धुवायचा आणि वितळवून दाणा करायचा. दाणा गाडीत भरून कुठेतरी जायचा आणि तिकडे त्याच्या नव्या बादल्या व्हायच्या. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! टाक्यातलं धुण्याचं पाणी मात्र एका नालीतून सरळ नदीत. सुदामला तिथे चुऱ्याच्या मशीनवर काम लागलं. तोवर मासे कमी व्हायला लागलेच होते, आणि महिन्याला घरात नक्की येणारं काही हवं होतं. त्याच्या पगारातून माझा एसटीचा पास निघायचा, वह्या यायच्या. तो घरी यायचा तेव्हा ज्या दिवशी जो माल असेल त्या रंगाचा होऊन यायचा. निळ्या बादल्यांच्या दिवशी भुवया निळ्या, पाइपाच्या दिवशी केस करडे. आम्ही हसायचो. मी त्याला म्हणायचे, "आज कोणता सण हाय?" आणि तो डोकं झटकून माझ्या वहीवर निळा चुरा पाडायचा. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या हिवाळ्यात डेऱ्याच्या तळाशी रेतीत काहीतरी चमकलं. तिळाहून बारीक, निळे तुकडे. शिंपल्यांच्या चिकात लपेटून गोळी झालेले. मायने एक तुकडा बोटावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "कुणाच्या तरी बांगड्या फुटल्या वाटतं नदीत." पुढच्या खेपेला लाल आले, मग पांढरे. बांगड्या इतक्या फुटत नाहीत हे तिलाही कळत होतं. पण तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की शिंपल्याला वेळ दिला की तो पोटातलं सगळं ओकतो. म्हणून तिने पिठाची मूठ दुप्पट केली आणि एका रात्रीऐवजी दोन रात्री मुक्काम ठेवला. शिंपले खरंच जास्त ओकले. ते रंगीत पाणी तिने नेहमीसारखं कमरेवर घेतलं, नदीवर नेलं आणि ओतलं. ज्याचं त्याला. महिनाभर, दोन महिने. आमचे शिंपले जे बाहेर टाकत होते ते आम्ही इमानेइतबारे पुन्हा त्यांच्याच तोंडाशी नेऊन ठेवत होतो.

आणि मला माहीत होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. ज्या आठवड्यात सुदामच्या भुवया निळ्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात डेरा निळा. शेडची नाली आणि आमची शिंपल्यांची जागा एकाच काठावर. नववीतल्या मुलीला एवढं जोडता येतं. मी जोडलं आणि गप्प बसले, कारण मला एसटीचा पास हवा होता.

मग तो बाजाराचा दिवस आला. रविवार होता, मी टोपलीजवळ बसले होते. रेल्वे क्वार्टरमधली एक अम्मा, मायची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, स्टीलचं भांडं घेऊन तरातरा आली. तिच्या मागे तिची सून, सुनेच्या कडेवर पोर. अम्माने भांडं मायच्या पुढ्यात आपटलं. आत शिजलेले शिंपले होते आणि कडेला तिने काढून ठेवलेले तीन-चार निळे तुकडे.

"ये क्या है, गयाबाई? बच्चे के मुँह से निकाली मैं! आँख मूँद के पकाते तुम्हारा माल, और तुम ये खिलाते?"

माय उभी राहिली. "अम्मा, मी दोन राती ठिवलेत पाण्यात. पीठ घालून ठिवलेत. देवाशप्पत."

"तो ये आया किधर से?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी खाली टोपलीकडे बघत राहिले. शेजारचा मासेवाला पुढे झाला. इतकी वर्षं मायची टोपली हातोहात रिकामी व्हायची आणि त्याची पाटी पडून राहायची, त्याचा डाव त्याला साधायचा होता. तो मोठ्याने म्हणाला, "वजन भरायला घालायली आसंल काहीतरी. पिलास्टिक घालायली!" कुणी विचार केला नाही, की तिळाहून बारीक तुकड्यांनी कसलं वजन भरतं? कुणी विचारलं नाही, की मिटलेल्या शिंपल्याच्या आत हात घालून ते कोण ठेवून येईल? लोक जमले. कुणी हसलं, कुणी तोंडाला पदर लावला. एक बाई नुकतेच घेतलेले शिंपले टोपलीत परत टाकून गेली. त्या दिवसापासून माझी माय शिंपलेवाली राहिली नाही. बाजारात तिला "पिलास्टिकवाली" म्हणायला लागले.

मला त्या अम्माचा राग नाही. तिच्या नातवाच्या तोंडात ते गेलं होतं, ती ओरडणारच. मला राग आहे तो त्या सगळ्या बाजाराचा, ज्याला एका भोयाच्या बाईवर बोट ठेवायला क्षणही लागला नाही आणि वळणावरचं एवढं मोठं पत्र्याचं शेड मात्र कधी दिसलं नाही. त्या शेडचा धूर बाजारातून दिसायचा. त्याच्याकडे पाठ करून सगळे मायकडे बघत होते, आणि त्यांच्यात मीही होते.

घरी येऊन मायने टोपलीतले सगळे शिंपले पुन्हा डेऱ्यात घातले. त्या दिवशी ती जेवली नाही. तीन रात्री तिने ते ठेवले, रोज पीठ बदललं, रोज पाणी बदललं. तिसऱ्या सकाळी तळाशी पुन्हा निळं होतं आणि अर्धे शिंपले तोंड उघडून मेले होते. ती डेऱ्याजवळ मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "माझ्याच हातात काही तरी खराबी हाय गं. आत्याबाईच्या हातनं आसं कधी झालं न्हाई." तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "माय, तुझ्या हातात न्हाई. सुदामच्या डोक्यात हाय."

संध्याकाळी सुदाम आला, भुवया निळ्या. मायने त्याला अंगणातल्या दगडावर बसवलं, समोर घमेलं ठेवलं. "वाक," म्हणाली. तो वाकला. लहानपणी घालायची तशी तिने त्याच्या डोक्यावरून आंघोळ घातली, केसांत बोटं घालून घालून धुतलं, आणि सगळं पाणी घमेल्यात धरलं. मग घमेलं उचलून डेऱ्याशेजारी ठेवलं. दोन्हीत बघायला आबाही उठून आले. तोच निळा. तसेच तुकडे. घमेल्यातल्यांना फक्त चीक नव्हता.

सुदाम ओल्या डोक्याने तिथेच बसला होता. "माय, मी नुसतं मशीन चालवतो. पाणी कुठं सोडायचं ते मी ठरवतो का? मी बोललो तर उद्या दुसरा उभा ऱ्हाईल तिथं. कवसाची शाळा..." तो माझ्याकडे बघून थांबला.

"तुला कोण बोलायलंय?" माय म्हणाली. "मी काय केलं ते बघायले मी. दोन महिने झाले, कमरंवर नेऊन नेऊन मीच वतलं नदीत. मीच चारलं त्यांना फिरून."

त्यानंतर तिने नदीत ओतणं बंद केलं. आबा म्हणाले, आता शिंपले विकायचे नाहीत तर काढतेस कशाला? तिने ऐकलं नाही. ती रोज नदीत उतरायची, शिंपले आणायची, ओकवायची. धुवून घेतलेले शिंपले नालीच्या वरच्या अंगाला, शेडच्याही पलीकडे चालत जाऊन पाण्यात सोडायची. आणि डेऱ्यातलं पाणी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून, मागे राहिलेलं उन्हात वाळवून, सुपात पाखडून रेती वेगळी करून उरलेलं एका गाडग्यात भरायची. लोक म्हणाले, गयाबाईला वेड लागलं. होळी आली तेव्हा गाडगं काठोकाठ भरलं होतं. लाल, निळं, पांढरं, करडं. लांबून रांगोळीच वाटावी.

एका दुपारी गाडगं डोक्यावर घेऊन ती शेडवर निघाली. मी शाळा बुडवून मागे गेले. सुदाम मशीनवर होता. मायला बघून त्याने मशीन बंद केलं, पण तो अडवायला आला नाही. मालक आतल्या खोलीत बसला होता. डोक्यावर पंखा, टेबलावर चहाचा ग्लास. धीट माणूस, हसतमुख. "काय बाई, काम पायजे का?"

"तुमचं काही तरी आमच्याकडं आलं व्हतं. द्यायला आले," माय म्हणाली. नदीचं, शिंपल्यांचं सगळं तिने त्याला सांगितलं. शांतपणे सांगितलं, हात जोडून सांगितलं. एक टाकी बांधा, पाणी गाळून सोडा, एवढंच मागितलं. मला वाटलं होतं ती भांडेल. तो ऐकता ऐकता हसायलाच लागला.

"आहो बाई, नदी केवढी आन् हे केवढं! आमी किती बारीक करतो, पाण्यात गेलं की गायब. डोळ्यांना दिसतं का? जे दिसत न्हाई त्याचा तरास कसला? आन् शिंपले खाऊन कोण मेलंय? माणूस काहीबी खातो, पचतं सगळं."

"पचतं?" माय म्हणाली.

"पचतं हो."

मायने गाडग्याच्या तोंडाचं फडकं सोडलं आणि त्याच्या टेबलावर गाडगं पालथं घातलं. वाळलेला तो चुरा, वजन म्हणून काही नाही त्याला. पंख्याच्या वाऱ्यात भसकन उडाला. खोलीभर झाला. त्याच्या केसांत, भुवयांवर, पांढऱ्या सदऱ्यावर, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवर. आणि तो माणूस ताडकन उठला नाही, ओरडला नाही, डोळ्यांवरसुद्धा हात नेला नाही. त्याने सगळ्यात आधी चहाच्या ग्लासावर हात ठेवला. पंजा पसरून, घट्ट.

माय त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ज्याचं त्याला." आणि वळली. मागून शिव्या आल्या, त्या आम्ही पाठीवर घेतल्या. फाटकाबाहेर आल्यावर ती थांबली आणि मला म्हणाली, "बघितलंस का कवसे? झाकला त्यानं. त्याला समदं मालूम हाय."

सुदामचं काम त्याच दिवशी गेलं. तो पुढे हैदराबादकडे सेंट्रिंगच्या कामावर गेला. या गोष्टीबद्दल त्याने मायला कधी बोल लावला नाही, मलाही नाही. ते त्याचं मोठेपण. माझी शाळा आबांनी जाळं विकून पुरी केली. शेड आणखी बरीच वर्षं चाललं, मग एका पुरात पत्रे वाहून गेले आणि मालकाने दुसरीकडे बस्तान हलवलं. त्याला कुणी विचारलं नाही. मायला मात्र बाजारात आयुष्यभर विचारत राहिले. ती भाजी घेऊन बसली तरी लोक मेथीची जुडी उलटून बघायचे. तिने स्वतः शिंपले पुन्हा कधी खाल्ले नाहीत, चुलीवर चढवले नाहीत. तिच्या शेवटच्या आजारपणात मी विचारलं, काय खावंसं वाटतं? तिने डोळे मिटूनच सांगितलं, "शिंपल्याचं कालवण." मी नदीवर गेले. अर्धा दिवस पाय सरकवत फिरले. हाताला लागली ती नुसती रिकामी टरफलं.

गेल्या थंडीत दोन तरुण पोरं आणि एक मुलगी आमच्या घाटावर आली होती. कुठल्याशा कॉलेजची. काचेच्या बाटल्या, चाळण्या, हातात मोजे. त्यांनी गाळ भरून घेतला आणि मला फार कौतुकाने समजावून सांगितलं, की मावशी, प्लास्टिकचे अगदी बारीक कण असतात, ते आधी समुद्रातल्या शिंपल्यांत सापडले, आता नद्यांतही सापडतात, त्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. हा नवा विषय आहे. नवा! माझ्या अंगाची आग आग झाली. ज्या गोष्टीपायी माझ्या मायला भर बाजारात चोर ठरवलं, तिला आता नाव मिळालं, मोजे मिळाले, बाटल्या मिळाल्या. त्या पोरांचा यात काही दोष नव्हता. तरी मी त्यांच्यावर ओरडले. मग वाईट वाटलं, ओट्यावर बसवून चहा केला आणि वर लिहिलं आहे ते सगळं त्यांना सांगितलं. मुलगी लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली.

"मावशी, हे कण इथे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आले, तो रकाना आहे. काय लिहू?"

"गयाबाई."

तिने मान हलवली आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. तिने लिहिलं होतं, 'स्थानिक महिला'. म्हणाली, नावं लिहायची पद्धत नसते.

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, कधी कुणा मुलाच्या हातातली वही हिसकावली नाही. त्या दिवशी हिसकावली. 'स्थानिक महिला' खोडलं, कागद फाटेल इतक्या जोराने खोडलं, आणि वर माझ्या अक्षरात लिहिलं: गयाबाई, शिंपलेवाली.